‘ऐकलंस का’चं लॅटिन

अंबडच्या बसस्टँडसमोर हाशिमचं टॅटूचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक खुर्ची, एक मशीन आणि हाशिमचा आत्मविश्वास. जागा सगळ्यात जास्त तिसरी वस्तू अडवते. कॉलेजची पोरं त्याच्याकडे प्रेमाचे शब्द लॅटिनमध्ये गोंदवून घेतात, कारण घरच्यांना ते वाचता येत नाहीत. पोरांची मागणी ठरलेली: जान, पिल्लू, शोना. ‘जान’ला हाशिम ‘मेआ विता’ लिहितो, ‘पिल्लू’ला ‘पुल्लुस’. रोममधली माणसंही लाडात पिल्लूच म्हणायची, हे तो जाडजूड शब्दकोशावर हात ठेवून शपथेवर सांगतो. अडलंच तर जालन्याच्या एका म्हाताऱ्या फादरना फोन लावतो. ते गंभीरपणे विचारतात, "शोना म्हणजे नेमकं काय?" ते अजून हाशिमलाही कळलेलं नाही.

एका मंगळवारी केदारखेड्याचे कारभारीमामा आले. साठी उलटलेली, डोक्यावर टोपी. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून भोकरदन सोडून, जालना ओलांडून, थेट अंबडला उतरलेले.

"आमच्या घरच्यांच्या हातावर माझं नाव गोंदलेलं हाय," मामा दबक्या आवाजात म्हणाले. "परवा भावजयीसमोर मला म्हणती, ‘तुमच्या अंगावर माझं काय हाय? शर्टाचं बटन!’ लई लागलं बघ."

"मंग मामीचं नाव टाकू?"

"येडा का तू? गाव वाचंल, जन्मभर हसंल. तिला कळलं पाहिजे, गावाला न्हाई."

"बिलकुल! ‘ते आमो’ लिहितो. म्हणजे, माझं तुझ्यावर प्रेम हाय."

मामा खुर्चीतून निम्मे उठले. "असलं मी तिला कधी म्हणलोय? तिला वाटंल, दुसऱ्याच कुणाला म्हणून राह्यलो."

"मंग म्हणता तरी काय?"

मामांनी पंख्याकडे बघत बराच विचार केला. "‘ऐकलंस का’ म्हणतो. लगीन झाल्यापासून तेवढंच. भागलं की तेवढ्यात."

हाशिमनं शब्दकोश उघडला, फादरना विचारून खात्री केली आणि मामांच्या मनगटावर ‘ऑदिस्ने’ गोंदलं. मामा कण्हत म्हणाले, "बराबर हाय ना?"

"मामा, रोमचा नवरा आला तरी चूक काढणार न्हाई!"

पुढच्या मंगळवारी रोमचा नवरा नाही, केदारखेड्याची बायको आली. चतुराबाई पुढे, मामा मागे. हाशिमचा आत्मविश्वास खुर्चीखाली जाऊन बसला. गोंदलेलं काही पुसता येत नाही.

"तूच का रे ह्यांचा हात रंगवणारा? ह्यांनी अर्थ सांगितला, पन ह्यांचा काय भरवसा! तू सांग."

"‘ऐकलंस का’ लिहिलंय, मामी. आईशप्पथ."

चतुराबाईंनी मामांकडे पाहिलं. मामांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

"मंग हे अर्धंच झालं," असं म्हणत त्या खुर्चीत ऐसपैस बसल्या आणि हात पुढे केला. "ह्यांनी ‘ऐकलंस का’ म्हणलं की मी ‘काय वो’ म्हणते. ते कुठंय? हाक मारायची आन् ओ कुणी द्यायचीच न्हाई?"

"‘क्विद एस्त’ होतंय," हाशिम खुर्चीखालून आत्मविश्वास उचलत म्हणाला. "आत्ता टाकतो."

"टाक. आन् अक्षर मोठं काढ. ह्यांना चष्म्याबिगर दिसत न्हाई."