आवक-जावकची खोली

परवा पोलादपूरला एका सरकारी इमारतीच्या उद्घाटनाला गेलो होतो. भाषणात एक इंजिनीअर सांगत होते, की नव्या पद्धतीच्या ऑफिसात कामाचा ओघ बघून खोल्या पाडतात, त्यामागे शास्त्र असतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला तिथं बसवेना, मी उठून बाहेर आलो. जवळजवळ याच शब्दांत हेच वाक्य मी एकदा एका फायलीत लिहिलं होतं, आणि ते खोटं होतं. आजवर हे मी घरातही बोललो नाही.

सत्तरच्या दशकात मी महाडला एका सरकारी ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. खात्याचं नाव सांगत नाही. ऑफिस भाड्याच्या कौलारू घरात होतं. मधे एक लांब हॉल, त्यात आठ टेबलं, आणि कोपऱ्यात अर्ध्या उंचीच्या दारामागे साहेब. भिंतींची अडचणच नव्हती. साहेब खोकले की सगळ्यांना ऐकू येई, आणि कुणाची बायको रुसून माहेरी गेली हेही दुपारपर्यंत सगळ्यांना कळलेलं असे. आंबेनळी घाटाखालच्या वाड्यांवरून आलेला माणूस उंबऱ्यात उभा राहिला की आठही टेबलांना दिसायचा. त्याला न बघितल्यासारखं करायचं म्हणजे आठ जणांना मिळून करावं लागे.

दारालगतच्या खिडकीपाशी आवक-जावकचा कारकून बसे. आलेला कागद वहीत चढवायचा, जाणाऱ्या कागदावर नंबर टाकायचा, हे त्याचं काम. माझ्याच वयाचा, पोलादपूर तालुक्यातल्या एका बौद्धवाडीतला. अक्षर असं, की महत्त्वाचं पत्र साहेब टाईप न करता त्याच्याकडून लिहवून घेत. त्याच्या टेबलाशेजारी, खिडकीच्या वाऱ्यात, घडवंचीवर ऑफिसचा माठ होता.

माठ पहिल्यापासून तिथंच होता. हा रुजू झाला आणि एकेक जण घरून फिरकीचा तांब्या आणू लागला. सगळ्यांत आधी आमचे हेडक्लार्क. त्यांना सगळे अण्णा म्हणत. "घशाला आमच्या विहिरीचंच पाणी मानवतं," असं ते सांगायचे. चवदार तळं आमच्या ऑफिसापासून पायी पाच मिनिटांवर. मार्चात तळ्यावर माणसं जमायची, त्या दिवशी अण्णा त्याला न मागता रजा देत. "जा जा, तुमचा दिवस आहे," म्हणत. त्याची पाठ वळली की शिपायाला माठ घासून काढायला सांगत.

मी त्या माठातलं पाणी पीत होतो. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःच्या बाजूने सांगण्यासारखी एवढी एक गोष्ट जपून ठेवली होती.

मग नवी इमारत मंजूर झाली. सिमेंटचा सपाट स्लॅब, मुंबईहून आलेला नमुना. नमुन्यात हॉल एकच होता, आत थोडा फेरफार करायची मुभा होती. एका दुपारी सगळे जेवायला गेलेले असताना अण्णा माझ्या बोर्डापाशी येऊन उभे राहिले.

"मॉडर्न ऑफिस होतंय म्हणे."

"हो, अण्णा."

"मॉडर्न ऑफिसात शाखा वेगवेगळ्या असतात. आवक-जावकला एक खोली दाखव. मागे, गच्चीच्या जिन्याशेजारी."

"तिकडे पश्चिमेची झड येते. आणि लोक कागद घेऊन पुढच्या दाराने येणार, त्यांना मागे कशाला..."

"लोकांना पाय आहेत." त्यांनी ट्रेसिंगवर बोट टेकवलं. "आणि इथं माठाचा ओटा काढ. बिचाऱ्याला पाण्यासाठी पुढे यायला नको."

मी पट्टी उचलली, पुन्हा तिथंच ठेवली. त्यांना वाटलं असेल मी विचार करतोय.

"तुला कायम करायचा कागद साहेबांपुढे मलाच ठेवायचाय ना रे? विसरायला होतं हल्ली. वय झालं."

बस, इतकंच. कुणी शिवी दिली नाही, कुणी जात काढली नाही. मी निबात शाई भरली आणि नऊ बाय सहाची खोली काढली. पुढच्या हॉलमधे एका ओट्यावर 'पाणी' असं लिहिलं, मागच्या खोलीत दुसऱ्या ओट्यावर पुन्हा 'पाणी'. फायलीत कारण लिहिलं: कामाचा ओघ लक्षात घेऊन. मला सगळं समजत होतं. अजाणतेपणाचा आव मी आता आणणार नाही. अण्णांनी सांगितलं होतं तेवढंच, पण ते नीट बसावं म्हणून जिन्याची रुंदी सहा इंचांनी कमी केली ती मी, माझ्या डोक्याने.

प्लॅनच्या छापील प्रती आल्या तेव्हा तो बघायला आला. इतकी वर्षं माझा बोर्ड बघून त्याला नकाशा वाचता येऊ लागला होता.

"माझं टेबल कुठं रे?"

"अजून ठरायचंय."

त्याने मागच्या कोपऱ्यापर्यंत बोट नेलं. "हे पाणी दोनदा का लिहिलंस?"

"एक बाहेरच्या लोकांसाठी."

"बरं," तो म्हणाला. "लोकांची चांगली सोय केलीस."

नव्या इमारतीत गेल्यावर पहिल्याच पावसाळ्यात त्या खोलीची भिंत ओली झाली. वह्यांना बुरशी आली म्हणून मेमो मिळाला तो त्याला. भिंतीला छज्जा नव्हता हे सांगू शकणारा माणूस तीस फुटांवर बसला होता, आणि तोवर कायम झाला होता. शिवथरच्या खोऱ्यातून एक म्हातारी अर्ज घेऊन आलेली. सगळा हॉल ओलांडून, दोनदा चुकून, ती त्या खोलीत पोचली.

"ह्यो ऑफिस हाय का गोदाम?"

"गोदाम हाय गो मावशी. मी मालाचा राखणदार. दे कागद."

हॉलमधले सगळे हसले. मीही हसलो.

बारा वर्षं तो तिथं बसला. अण्णा पेन्शनीत गेले, साहेब बदलले. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी नवी लाट आली: भिंती काढा, ऑफिस मोकळं ठेवा, प्लायवूड आणि काच. आतल्या भिंती पाडून एकच हॉल करायचं ठरलं. प्लॅन माझ्याकडे आला. तोवर मी हेड ड्राफ्ट्समन होतो, मला धमकावणारं कुणी उरलं नव्हतं. मी जुन्या प्लॅनवर ट्रेसिंग पेपर लावला, मागची भिंत वगळली आणि त्याचं टेबल हॉलमधे दाराजवळ काढलं, पूर्वी होतं तिथं. ते ट्रेसिंग घेऊन मी त्याच्या खोलीत गेलो. खरं सांगायचं तर खुशीत गेलो.

"तुझं टेबल पुढे आणलंय."

"कुणी सांगितलं?"

"मीच काढलं."

"मागं टाकलेलं पण तूच काढलं होतंस. अण्णांचं अक्षर इतकं सुरेख नव्हतं."

मग मी बोललो. अण्णा, माझा कायम व्हायचा कागद, जिन्याचे सहा इंच, छज्जा. तो पत्रांवर नंबर टाकत ऐकत होता. माझं संपल्यावर त्याने ट्रेसिंग स्वतःकडे ओढलं, टेबल बघितलं, दार बघितलं, आणि मागच्या कोपऱ्यात बोट ठेवलं.

तिथं तो दुसरा ओटा होता. त्यावर माझ्या अक्षरात 'पाणी' लिहिलेलं होतं. भिंत काढली, टेबल हलवलं, आणि खालच्या जुन्या प्लॅनवर दिसत होता तो ओटा हात तसाच गिरवत गेला होता.

"विसरलो रे," मी म्हणालो.

"विसरायला हे आठवणीत तरी कधी होतं तुझ्या? बारा वर्षांत या माठातलं एकदा तरी प्यायलास?"

नव्हतो प्यायलो. हॉलमधला माठ माझ्या टेबलाजवळ होता, आणि मला तेवढं कारण पुरलं होतं.

"मी पुढं येईन, ते ऑर्डर निघाली म्हणून. तुझ्यासाठी येणार नाय," तो म्हणाला. मग ड्रॉवरमधून त्याने पेन्सिलीला टोक करायचं ब्लेड काढून माझ्यापुढे ठेवलं. "हे आधी काढ. इथंच, माझ्यादेखत."

ट्रेसिंगवरची शाई ब्लेडने हळूहळू खरवडावी लागते, घाई केली तर कागद फाटतो. मी त्याच्या टेबलाशी वाकून खरवडत होतो. त्याने तोवर आणखी तीन पत्रं वहीत चढवली. शेवटी त्याने कागद खिडकीच्या उजेडात धरला.

"अजून दिसतंय," तो म्हणाला, आणि कागद परत माझ्यापुढे सरकवला.