टाक्याची उलटी बाजू

कुठलीही वस्तू हातात आली की पुरावेकाका आधी ती उलटी करून पाहत. लग्नपत्रिका, फोटो, पोस्टाचे पाकीट, काहीही असो. "पुढची बाजू दाखवायला केलेली असते," ते म्हणत. "मागची कुणी सजवत नाही."

ते एका वकिलांचे कारकून. कचेरी ग्वाल्हेरच्या नई सडकेवर, घर टोपी बाजारात आमच्या शेजारी. खरे नाव सगळे विसरले होते. एकदा माझ्या आईने त्यांच्यापुढे तक्रार केली, की भांडीवालीने चांदीची वाटी नेली. काकांनी विचारले, "वहिनी, नेताना पाहिलीत, की वाटी दिसत नाही एवढंच पाहिलंत?" "नेताना नाही पाहिली," आई म्हणाली. "मग वाटी दिसत नाही, एवढंच म्हणा." चौथ्या दिवशी वाटी तांदळाच्या डब्यात सापडली. आईने भांडीवालीला साडी दिली, काकांशी मात्र महिनाभर बोलली नाही.

त्यांची धाकटी बहीण अक्का विधवा होती आणि मुलींच्या शाळेत भरतकाम शिकवी. मीही तिचीच विद्यार्थिनी. संस्थान विलीन झाले आणि सरकारी नोकरांच्या नव्या याद्या होऊ लागल्या. तीन वर्षे पुरी झालेल्यांना ठेवायचे, बाकीच्यांना काढायचे, असे ठरले. नव्या राज्याच्या कचेऱ्या उन्हाळ्यात इंदूरला जात, हिवाळ्यात ग्वाल्हेरला परत येत. त्या ने-आणीत अक्काच्या पहिल्या वर्षाचे कागद गहाळ झाले. उरलेल्या कागदांवर दोन वर्षे चार महिने भरत होते. आठ महिने कमी, म्हणजे नोकरी गेली.

शेजाऱ्यांनी सात जबान्या लिहून आणल्या. काकांनी त्या वाचून परत केल्या. "सातही जण शब्दाला शब्द तेच बोलतात. म्हणजे साक्षीदार एक आणि सह्या सात."

मग त्यांना भरतकामाचे नमुने आठवले. दरवर्षी प्रत्येक मुलगी दुसुतीच्या कापडावर वेलबुट्टी, आपले नाव आणि संवत, म्हणजे त्या सालाचा आकडा, भरी. काम पसंत पडले की अक्का कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याचे तीन टाके स्वतः घाली. मुलगी बघायला पाहुणे आले की तोच नमुना पुढे ठेवायचा, म्हणून तो कुणी टाकत नसे.

माझ्या नमुन्यावर संवत घालायचा राहून गेला होता. मी शाळेत आले दुसऱ्या वर्षी, पण अक्कासाठी मी त्यावर पहिल्या वर्षाचा संवत भरला आणि नेऊन दिला. काकांनी अर्थातच तो उलटा केला.

"वेलीचा दोरा विटलाय, संवताचा कोरा आहे. कधी घातलास?"

"परवा."

"बरं झालं, खरं सांगितलंस. आता तुला साक्षीला नेता येईल."

अक्का म्हणाली, "दादा, असू दे ना. पोरीनं मायेनं केलंय. मागे कोण बघणार आहे?"

"मी बघितलं ना," काका म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी उज्जैनच्या गाडीत बसले. अक्काची पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी सुशीला तिथे दिली होती. तिच्या सासूने तो नमुना चौकट करून बैठकीत लावला होता. काकांनी तो मागून आणला आणि तो कधीपासून त्या भिंतीवर आहे, हे सुशीलेच्या नवऱ्याकडून चौकटीच्या मागे लिहून घेतले.

सरकारी कचेरीतले बाबू हसले. "पंडितजी, कपड़े से नौकरी साबित करोगे?"

"कागज आपके पास था, खो गया. कपड़ा हमारे पास था, बच गया."

मग त्यांनी पुढच्या वर्षांचे नमुने मागवले; दुसऱ्या वर्षापासून शाळा काही नमुने आपल्या कपाटात ठेवू लागली होती. ते सरकारी ताब्यातले होते, म्हणजे त्यांवर कुणाला शंका घेता येत नव्हती. शेजारी चौकटीतून काढलेला सुशीलेचा नमुना ठेवून काकांनी सगळे उलटे केले. प्रत्येकावर तेच तीन हिरवे टाके, आणि शेवटची गाठ डावीकडे. अक्का डावखुरी होती.

बाबूंनी मला विचारले, "पहले साल तुम क्लास में थीं?"

मी काकांकडे पाहिले. ते खिडकीबाहेर पाहत होते.

"नहीं. दूसरे साल से. ये टाँके डालते हुए मैंने इन्हें दूसरे साल से देखा है."

बाबूंनी ते तसेच लिहून घेतले. सुनावणी तीन वेळा पुढे ढकलली गेली. तिन्ही वेळा काका तीच चौकट काखेत धरून गेले. अक्काचे नाव यादीत राहिले आणि पुढे ती शाळेतूनच निवृत्त झाली.

काका गेल्यावर तिने त्यांच्या पेटीतला माझा नमुना मला आणून दिला. टाचणीने चिठ्ठी लावलेली होती, अक्षर काकांचे: "संवत खोटा. विचारताच कबूल केले. कचेरीत दाखवू नये. जपून ठेवणे."

आता हरिशंकरपुरम वस्तीतल्या माझ्या घरी मी तो चौकटीत बसवला आहे, मागची बाजू पुढे करून. विटलेल्या दोऱ्यांत संवताचे आकडे अजून वेगळे दिसतात. मुलगी म्हणते, "आई, ये तो उल्टा लगा है."

मी म्हणते, "नाही, बरोबर लावलाय."