राखेच्या भिंतीला पाठ लावून

निवारा हा मानवी संस्कृतीचा पाया आहे. हे वाक्य मी नमुना घराच्या उद्घाटनासाठी लिहून नेलं होतं. माझ्या आधी बोललेल्या चौघांच्या भाषणांत ते तीनदा येऊन गेलं. मग मी कागद खिशात ठेवला, आभार मानले आणि खाली बसलो.

घर एका खोलीचं, पुढं छोटा कट्टा, मागं मोरी. उद्घाटनाचा मांडव त्याच्या चौपट. फीत कापायला दोन कात्र्या आणल्या होत्या, कारण पाहुणे दोन होते आणि कुणालाच दुसऱ्यानंतर कापायचं नव्हतं. भिंतीत काळ्या ग्रॅनाइटची कोनशिला बसवली होती. आख्ख्या घरात नवी विकत आणलेली वस्तू तेवढीच. बाकी सगळं कुणीतरी टाकून दिलेलं होतं. कौलं शाळेच्या पाडलेल्या जुन्या इमारतीची, खिडक्या एका जुन्या दवाखान्याच्या, फरशी दुकानदारांनी फेकलेल्या तुकड्यांची, आणि भिंती साखर कारखान्याच्या राखेच्या.

कारखान्याच्या बॉयलरमध्ये उसाची चिपाडं जळतात आणि राख उरते. आमच्या भागात ती रस्त्याकडेला ढिगानं पडलेली असते आणि वारा सुटला की मोटारसायकलवाल्यांच्या डोळ्यांत जाते. मी तंत्रनिकेतनात तीस वर्षं सिमेंटचे ठोकळे यंत्राखाली दाबून फोडत होतो, आणि निवृत्त झाल्यावर फोडायला काही उरलं नाही. तेव्हा ही राख, चुना, खडी फोडणाऱ्या क्रशरची कच आणि थोडं सिमेंट असं मिसळून हातयंत्रावर विटा दाबायला लागलो. कृष्णेकाठच्या या गावात, कुंडलच्या अलीकडं, पुरात मातीची घरं बसली होती. एका संस्थेनं साहित्य वाहून आणायचा भार उचलला, ग्रामपंचायतीनं गावठाणातला उंचवटा दिला.

विटा कशा झाल्यात हे मी यंत्रावर तपासलं. घर बांधणाऱ्या मिस्त्रींनी दोन विटा एकमेकींवर आपटल्या, आवाज ऐकला, एक खांद्यावरून खाली टाकली, ती फुटली नाही हे बघितलं आणि म्हणाले, "चालतंय." माझ्या अहवालाला अकरा पानं लागली होती.

विटा दाबल्या आणि भिजवल्या काकींनी. सगळं गाव त्यांना काकी म्हणतं, म्हणून मीही. पन्नाशीच्या, विधवा, मुलगा सैन्यात. पुरात घर गेल्यापासून त्या दिराच्या गोठ्याला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहत होत्या. घर त्यांनाच द्यायचं असं आधीच ठरलं होतं. व्यासपीठावर त्यांच्या हातात किल्ली दिली गेली, फोटो निघाला. नीट निघाला नाही म्हणून किल्ली परत घेऊन पुन्हा दिली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी ती किल्ली घेऊन आल्या. मी आणि मिस्त्री कट्ट्यावर बसून मांडवाचे बांबू सुटायची वाट बघत होतो.

"सर, ही घ्या. मला न्हाई जमायचं."

"का हो? काय झालं?"

"राख आमी तिसऱ्या दिशी सावडतो. बांधावर खड्डा काढून त्यात टाकतो, वर झाड लावतो. त्या राखंच्या भितीला पाठ लावून निजायचं व्हय?"

मी म्हणालो, ही उसाची राख आहे. हिच्यात सिलिका असते, चुन्याशी तिचा संयोग होतो. बराच वेळ बोललो. विद्यार्थ्यांसमोर बोलतो तसा, म्हणजे समोरच्याचं ऐकणं कधी थांबलं हे न बघता.

"ऊस काय न् माणूस काय," काकी म्हणाल्या. "जळालं ते गेलं."

"मग विटा कशा दाबल्या तुम्ही? तेव्हा राखच होती की."

"तवा काम हुतं. काम येगळं, निजणं येगळं. आन् जाऊबाई काल सगळ्यांम्होरं काय म्हणली ठावं हाय का? म्हणली, जा, अंगाला फासून बस."

मिस्त्री विडी विझवून म्हणाले, "आमच्यात पुरत्यात, काकी. मग मी मातीच्या घरात ऱ्हायचं न्हाई काय?"

"मिस्त्री, तुमी गप बसा."

मिस्त्री गप बसले. पण ग्रामसेवक गप बसणारे नव्हते. त्यांनी दुपारीच सांगितलं की दसऱ्यापर्यंत घरात कुणी राहायला आलं नाही तर पंचायत ते ताब्यात घेईल. गणेश मंडळाचे स्पीकर ठेवायला जागा नव्हतीच. म्हणजे काकी कायमच्या गोठ्यापाशी आणि माझ्या अकरा पानांच्या आत कर्णे.

संध्याकाळी काकींनीच तोड काढली. "आवं सर, तुमी ऱ्हावा की आदी. एक पावसाळा. तुमास्नी काय झालं न्हाई तर मी येते. देवाशपथ येते."

"नमुना घराला नमुना माणूस," मिस्त्री म्हणाले आणि स्वतःच हसले.

मी लगेच हो म्हणालो. इतक्या लगेच की काकींनी जरा संशयानं बघितलं. शास्त्रासाठी म्हणालो असतो तर शोभलं असतं. खरं कारण असं की कराडला माझा चार खोल्यांचा बंगला आहे आणि त्यातल्या साडेतीन खोल्यांत मी तीन वर्षं गेलेलो नव्हतो. बायको उंब्रजची. ती गेली तेव्हा आम्हीही राख नदीत न सोडता शेतात घातली आणि वर आंब्याचं रोप लावलं. ते शेजाऱ्याच्या शेळीनं खाल्लं. शेजारी येऊन माफी मागून गेला. त्यानंतर त्या बंगल्यात माझ्याशी बोलायला असं कुणी आलं नव्हतं.

गादी, स्टोव्ह, दोन पातेली आणि एक पेटी पुस्तकं घेऊन मी राखेच्या घरात राहायला आलो.

पहिल्याच सकाळी सात वाजता दारावर थाप पडली.

"सर, हायसा का?"

"हाय."

पावलं परत गेली. बस, एवढंच. रोज सातला थाप, तोच प्रश्न, तेच उत्तर. काकी आत येत नसत, उंबऱ्याला पाय लावत नसत. मी जिवंत आहे एवढी नोंद घेऊन दुधाला जात. मी जन्मभर 'आहे' म्हणत आलो, पण त्या दारातून 'हाय' असंच बाहेर पडायचं. प्रश्नच तसा होता.

मग बाकीचं गाव यायला लागलं. निवृत्त सुभेदार आले, भिंतीला तळवा लावून उभे राहिले आणि "गार हाय" असा शेरा देऊन गेले. बायका पाणी भरून जाताना खिडकीतून बघत. एका म्हाताऱ्यानं मला जीभ दाखवायला सांगितली, मी दाखवली. कशासाठी ते त्यानं सांगितलं नाही, पण त्याचं समाधान झालेलं दिसलं. पाऊस लागला. कौलावरून धारा लागल्या, भिंती कोरड्या राहिल्या. मी रोज सकाळी चारही कोपऱ्यांत बोट फिरवून बघायचो आणि वहीत लिहायचो. दिवसाचा उरलेला वेळ मोठा असायचा. संध्याकाळी लोक आपापल्या घरी गेले की खोलीत मी आणि दवाखान्याच्या खिडक्या. पण सकाळी सात वाजता कुणीतरी विचारणार आहे, हे माहीत असलेल्या माणसाची संध्याकाळ जरा वेगळी असते. हे मला वयाच्या सासष्टाव्या वर्षी कळलं. तोपर्यंत मी त्याविषयी पुस्तकांतून बरंच वाचलं होतं.

श्रावण संपता संपता मला खोकला झाला.

साधा खोकला. पण राखेच्या घरात खोकला साधा राहत नाही. पहिल्या दिवशी मी तो उशीत दाबला. दुसऱ्या दिवशी "हाय" म्हणताना मध्येच ढास लागली आणि दाराबाहेर पावलं थांबली.

"खोकताय?"

"पुस्तकांची धूळ."

पावलं परत गेली. दुपारपर्यंत गावाला कळलं होतं. जाऊबाईंनी पाणवठ्यावर निकाल दिला की राख छातीत बसली. सुभेदार पुन्हा आले, या वेळी भिंतीला हात न लावता. ग्रामसेवकांनी मंडळाच्या पोरांना खोलीची लांबीरुंदी विचारून ठेवली. मिस्त्री आल्याचा काढा घेऊन आले. "सर, मराया नका हां," ते म्हणाले. "माजं नाव खराब हुईल. भितीत कायबी खोट न्हाई." मी त्यांना शब्द दिला.

चौथ्या सकाळी थाप पडली, पण प्रश्न आला नाही. मी दार उघडलं. काकी उंबऱ्याबाहेर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"जाऊबाई बी खोकतीया," त्या म्हणाल्या. "रातभर डोळा लागू दिला न्हाई. तिचं घर शिमिटाचं हाय, बंगल्यावानी. सुभेदाराची सून बी खोकतीया. निम्मं गाव खोकतंय, सर."

"बरोबर. साथ आहे."

"मग राखंचं काय त्यात?"

"काही नाही."

"तेच म्हणते मी," असं म्हणून त्या आत आल्या. पहिल्यांदाच. भिंतीजवळ गेल्या आणि वळून पाठ टेकवली. बटाट्याचं पोतं उचलण्याआधी माणूस त्याचा अंदाज घेतो तसा चेहरा होता. मग म्हणाल्या, "गार हाय."

माझ्या अकरा पानांत हे कुठंच नव्हतं. तुलनेसाठी दुसरं घर घ्यायचं असतं हे मी तीस वर्षं शिकवलं, आणि ते घेतलं काकींनी.

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती दुसऱ्या कुणाला माहीत नाही. माझा खोकला गेल्याचं मी दोन दिवस लपवलं. थाप पडली की उत्तराआधी थोडं खाकरायचो. पुढं, दसरा जवळ आल्यावर काकींना म्हणालोसुद्धा, "अजून महिनाभर बघायचं का? परतीचा पाऊस बाकी आहे."

"नगं," त्या म्हणाल्या. "तुमी काय मरत न्हाई. मी घटाला येते."

घटस्थापनेच्या सकाळी त्यांनी त्या खोलीत दूध उतू घातलं. माझी गादी, स्टोव्ह, पातेली आणि पेटी मिस्त्रींनी रिक्षात चढवली. जाऊबाई नारळ घेऊन आल्या, भिंतीकडं न बघता बसल्या आणि दोन कप चहा पिऊन गेल्या. ग्रामसेवकांनी स्पीकर शाळेत हलवले. मी काकींच्या हातात किल्ली दिली. या वेळी एकदाच दिली, कारण फोटो काढणारं कुणी नव्हतं.

कराडच्या बंगल्यात उत्तरेच्या भिंतीला पावसाळाभर ओल आली होती. पक्क्या भाजक्या विटांची, चांगल्या सिमेंटची भिंत. पुस्तकांचं एक कपाट बुरशीनं गेलं. सकाळी सातला मी जागा असतो. गल्लीत पेपरवाला असतो, दूधवाला असतो, आणि दोघंही वस्तू दारात ठेवून पुढं जातात. त्यात त्यांचं काही चुकत नाही. मी आहे की नाही याच्याशी वर्तमानपत्राचा संबंध नसतो.

थंडीत एकदा पलूसकडं जाताना काकींकडं उतरलो. सात वाजून गेले होते, तरी दारावर थाप मारली आणि म्हणालो, "काकी, हायसा का?"

"मागं हाय मी. या की."

भिंतीतली कोनशिला गायब होती. तिथं मिस्त्रींनी नीट गिलावा केला होता. काकी मागं मोरीपाशी कपडे धूत होत्या, त्या ग्रॅनाइटवर.

"माज्या घरावर लोकांची नावं कशाला?" त्या म्हणाल्या. "दगड बाकी झ्याक हाय."

मी बघितलं. कोरलेली बाजू वर होती. मी विचारलं, गुळगुळीत बाजू वर का नाही ठेवली? त्यावर साबण घसरतो, त्या म्हणाल्या. अक्षरांवर मळ लवकर निघतो. दोन्ही पाहुण्यांची नावं मोठ्या अक्षरांत खोल कोरली होती, तिथं त्या कॉलर घासत होत्या. माझं नाव सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत होतं. तेवढ्या जागेचा काही उपयोग होत नाही, तिथं त्या साबण ठेवतात.