गार होईपर्यंत झाकण

सुरतेत कापड बघून डोळे चमकणारी माणसं हजारो भेटतील, पण गटाराचं पाणी बघून हरखणारा माणूस अख्ख्या शहरात एकच: आमच्या लॅबचे सर. बमरोलीकडच्या सांडपाण्याच्या प्लांटवर मी कामाला लागले तेव्हा माझं शिक्षण सातवी, गाव यवतमाळकडचं, आणि धास्ती मात्र पदवीधर. "मला यातलं काही येत नाही," मी आधीच सांगून टाकलं. सर म्हणाले, "चुलीवर रांधलंय ना? मग अर्ध्या केमिस्ट आहात, ताई."

सरांच्या लेखी जगात दोनच वस्तू. एक कोळसा होणारी, दुसरी न होणारी. पोंक, म्हणजे इथला हुरडा, आम्ही खायचो, रिकामी कणसं त्यांच्या पिशवीत जायची. एका लग्नात नवरदेवाला आशीर्वाद देऊन ते थेट मांडवामागे गेले आणि शेंगांच्या टरफलांचं पोतं स्कूटरला बांधून आले. "लोक आहेर करतात, तुम्ही कचरा आणता!" त्यांच्या मंडळी कडाडल्या. "कचरा नव्हे, औषधावरचं औषध आहे," सर म्हणाले.

कुणी उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या मोरीत टाकल्या की सरांना घरात साप निघाल्यासारखं व्हायचं. "अहो, नाल्यातले जंतू त्या औषधाला सरावतात. मग खऱ्या दुखण्यात गोळीला विचारतो कोण?" म्हणून लोखंडाच्या क्षारात भिजवलेली टरफलं बंद ड्रमात भाजायची, तो कोळसा पाण्यात घालायचा, जोडीला थोडं पेरॉक्साइड. "हा औषधाला नुसता धरत नाही, तोडतो!" म्हणत सर हवेतच कुणाची तरी मान मुरगळायचे.

मोठे साहेब प्रयोग बघायला येणार होते. त्यांना पटलं तरच काम पुढं चालणार, आणि माझी नोकरीही. आदल्या दिवशी भट्टी माझ्यावर सोपवून सर गेले. जाताना एवढंच म्हणाले, "गार होईपर्यंत झाकण उघडू नका." पण मला राहवेना. करपलं तर? मी काठीनं झाकण सरकवून तीनदा बघितलं. सकाळी ड्रमात नुसती राख.

मी मनातल्या मनात गावाची गाडी धरली. सरांनी राख बोटांवर चोळली. "कितीदा उघडलंत?"

"तीनदा."

"भाकरी अशीच बघता?"

"बघावीच लागते ना, सर!"

ते खो खो हसले आणि साहेबांना सामोरे गेले. "आज दाखवायला काही नाही. हवा लागली की राख होते, हे मी ताईंना सांगितलंच नव्हतं. चूक माझी. आठ दिवस द्या." साहेबांनी दिले. पुढच्या भट्टीला सर खुर्ची टाकून ड्रमापाशी माझ्यासोबत बसले. मी मात्र गावी, आईजवळ ठेवलेल्या लेकीला सारखे फोन लावून जेवलीस का, अभ्यास केलास का विचारत होते. सर म्हणाले, "ताई, तेही झाकण जरा बंद राहू द्या. पोरगी आपली आपण तयार होतेय."

तो कोळसा साहेबांना पटला. काम चालू राहिलं, मीही राहिले. सर मात्र निवृत्त होऊन मुलाकडे दूर गेले.

आता भट्टी मी सांभाळते. त्यांची खुर्ची अजून ड्रमापाशीच आहे. अधूनमधून हात झाकणाकडे जातो. मग मी त्या खुर्चीकडे बघते, आणि हात परत मांडीवर ठेवते.