वाघाच्या तोंडाचं ब्लँकेट

दर वर्षी थंडी पडायच्या आधी परभणीच्या बाजारातल्या एका दुकानदाराशी माझं भांडण ठरलेलं. मला ब्लँकेटं पुष्कळ लागतात, पण एकासारखं दुसरं नको असतं. एक चौकटीचं, एक फुलाफुलाचं, एक साधं, एक जाड, एक पातळ. तो गठ्ठे सोडून सोडून बेजार होतो. "बाई, एका डिझाइनचा माल घ्या ना, भाव लावून देतो. लग्नाच्या आहेराला बी लोक एकसारखंच नेतेत." मी म्हणते, "आमचं वऱ्हाड येगळं हाय दादा, तू काढ." कशासाठी ते सांगत नाही. बाईच्या डोक्यात काहीतरी ढिलं आहे असं त्याला वाटतं. वाटू दे बापड्याला.

ही ब्लँकेटं आमच्या संस्थेची. एचआयव्ही असलेल्या माणसांसाठी ही संस्था वर्षभर राबते. गोळ्या सरकार फुकट देतं, पण खेड्यातून दवाखान्यापर्यंत यायला एसटीचं भाडं लागतं, ते संस्था देते. शाळा उघडताना लेकरांना वह्या-दप्तरं, दिवाळीला किराणा, हिवाळ्यात ब्लँकेट. कुणाला सासऱ्यानं घराबाहेर काढलं, कुणाच्या बाळंतपणाला नर्स हात लावंना, की संस्थेची माणसं जाऊन भांडतात. आता त्या भांडणाऱ्यांत मीही आहे. आधी मी नुसती भाडं घेणारी होते.

माझं गाव राणीसावरगावच्या पुढं, आडवळणाला. नवरा मानवतला जिनिंगवर कामाला होता. तो गेला तेव्हा गावाला आम्ही कावीळ सांगितली. खरं काय ते दवाखान्यात मला एकटीला कळलं, अन माझ्याही रक्तात तेच निघालं. पोरगी तेवढी सुटली. त्या दिवसापासून मला एकच धंदा होता, झाकायचं. झाकायला संस्थेनंच शिकवलं. त्यांच्या गाडीवर नाव नसायचं. गावात यायच्या त्या बचतगटाच्या बाया म्हणून. माझ्या फोनमध्ये संस्थेच्या मॅडमचं नाव 'साडीवाली' असं होतं. गोळ्यांची बाटली पिशवीत खुळखुळते म्हणून तिच्यात कापूस कोंबायचा, हे मला तिथल्याच एका बाईनं सांगितलं. कापसाला आमच्याकडं काय तोटा. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मॅडम दर भेटीत म्हणायच्या.

माझ्या मुठीत काय होतं म्हणाल तर शाळेतली पळी. गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायचं काम मला मिळालं होतं, अन ते सुखासुखी मिळालं नव्हतं. आम्ही बौद्ध. मी चुलीपाशी बसले तशी वरच्या गल्लीतली लेकरं घरनं डबे घेऊन यायला लागली. तोंडानं कुणी काही बोललं नाही, नुसते डबे. मी आपली लसूण ठेचून दणदणीत फोडणी द्यायची अन वास वर्गात जाऊ द्यायची. शेवटी लेकरंच ती. एकेक करून ताटल्या घेऊन आली, दिवाळीपर्यंत सगळीच्या सगळी. मला मावशी म्हणायला लागली. पगार नावालाच होता, पण नवरा गेलेल्या बाईला गावात मायेनं हाक कोण मारतं? त्या हाकेसाठी मी झोपेतसुद्धा तोंडाला कुलूप ठेवलं असतं. खिचडीला नाक मुरडायची ती फक्त माझी पोरगी. तिसरीत होती. निम्मी ताटली तशीच ठेवून उठायची अन वर मलाच म्हणायची, "तू लय मटकी घालतीस आई."

त्या हिवाळ्यात कुण्या दात्यानं संस्थेला ब्लँकेटांची गाडीच पाठवली. सगळी एकाच छापाची, तांबड्या रंगावर वाघाचं हे एवढं तोंड. एड्स दिनाला परभणीत एका हॉलमध्ये वाटप झालं. फोटोवाला आला तशा मॅडम स्वतः त्याच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. एकाचंही तोंड दिसता कामा नये, सगळं पाठीमागून घ्या, असं त्याला बजावलं. पण दात्याला फोटोत आपली ब्लँकेटं दिसायला पाहिजे होती, म्हणून आम्हाला ती पांघरून बसायला सांगितलं. आम्ही बसलो. भर दुपारी, पंखे चालू असताना, भिंतीकडं तोंड करून.

गावात सांगितलं, माझ्या भावानं घेतलं. पोरगी तर खुळीच झाली, वाघाचं नाक कुरवाळल्याशिवाय तिला झोप येईना. सुट्टीच्या दिवशी मी ते रस्त्याकडच्या दोरीवर उन्हाला घातलं. अख्ख्या गावानं येता-जाता बघितलं, दोन-चार बायांनी हात लावून किती मऊ हाय म्हणून नावाजलं.

त्याच आठवड्यात हापशावर शेजारची काकू मला म्हणाली, "तुजा वाघ पेपरात आलाय बग."

मला वाटलं, चेष्टा करायलीय. ती हसत नव्हती. तिनं मोबाइल पुढं केला. गावच्या ग्रुपवर कुणीतरी पेपरातला फोटो टाकला होता. वर मोठ्या अक्षरात एचआयव्ही, अन खाली आमच्या पाठींच्या रांगा. तोंड एकाचंही दिसत नव्हतं, मॅडमनी शब्द पाळला होता. दिसत होते ते नुसते वाघ, ओळीनं बसलेले. मी म्हणलं, "बाजारात असली शंभर मिळतेत काकू." माझा आवाज मलाच खोटा वाटला. काकूनं फोन कमरेला खोचला अन घागर न भरताच निघून गेली. तिच्यासाठी हापसलेलं पाणी तसंच वाहून गेलं.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. शाळेत परत डबे आले. ह्या वेळी वरच्या गल्लीतलेच नाहीत, आमच्या वस्तीतलेही. हेडसर माझ्याशी बोलताना पातेल्याकडं बघत होते. "ताई, थोडे दिवस घरीच थांबा. माझं काही नाही ओ, पण पालक ऐकनात." दुसऱ्या दिवशी माझ्या चुलीपाशी दुसरी बाई बसली. पोरगी घरी आली अन तिनं विचारलं, "आपल्याला काय झालंय?" मी सांगितलं. आता झाकून कुणापासून झाकायचं होतं?

मॅडम आल्या तेव्हा मी त्यांना लय बोलले. तोंडाला येईल ते बोलले. त्या म्हणाल्या, "आम्ही चेहरे झाकले होते गं."

"चेहरे झाकले अन वाघ उघडा ठेवला," मी म्हणलं. "गाडीवरचं नाव पुसता, बाटलीत कापूस कोंबायला लावता. अन एवढं मोठं जनावर दिसलं न्हाई तुमाला?"

त्या माझ्या घरातल्या जमिनीवर बसून रडल्या. मला त्यांचा राग अजून आहे. अन त्यांच्याइतकं माझ्यासाठी कुणी भांडलं नाही, माझा सख्खा भाऊसुद्धा नाही, हेही तितकंच खरं आहे.

ह्या आजारावरून कुणाला कामावरून काढता येत नाही, असा कायदा आहे. मॅडमनी विचारलं, लढायचं का, कारण लढलं तर ह्या गावात परत काहीच लपवता येणार नाही. मी म्हणलं, लपवायला राहिलंय काय? मला माझी पळी पाहिजे. मग गंगाखेडच्या चकरा, परभणीच्या चकरा, ह्या साहेबाचा दौरा, त्या साहेबाची रजा. मॅडमनी एक टेबल सोडलं नाही. ग्रामसभेत त्यांनी डॉक्टर आणला. हातचं खाल्ल्यानं हा आजार होत नाही, हे त्यानं तीन-तीनदा सांगितलं अन मी केलेला चहा सगळ्यांच्या देखत पिला. लोकांनी माना डोलावल्या. कुणी हरकत घेतली नाही. मला परत घ्या असा हुकूम उन्हाळ्यात आला. त्या दिवशी संस्थेत पेढे वाटले, अन मीही खाल्ला.

शाळा उघडली त्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी गेले. पातेलं राख लावून घासलं. लसूण दुप्पट ठेचला. एकदा वासानं जिंकलंय, परत जिंकू, असं मनात होतं, अन फोडणी अशी बसली की मलाच भूक लागली. सगळ्या शाळेला पुरेल एवढी खिचडी केली. घंटा झाली. लेकरं व्हरांड्यात ओळीनं बसली अन सगळ्यांनी दप्तरातनं डबे काढले. भाकरी, चटणी, कुणाची पोळी. वाईट कुणीच बोललं नाही. एक-दोघं माझ्याकडं बघून हसली पण. आधी मास्तरनं चव बघायची असा नियम असतो, म्हणून हेडसर चमचा घेऊन आले. "वास भारी आलाय ताई," म्हणाले अन कोरडा चमचा खिशाला लावून गेले.

मी पळी धरून उभी राहिले. जावं तर हुकूम माझ्या बाजूचा, थांबावं तर कुणासाठी थांबावं?

मग माझी पोरगी उठली. चौथीत गेली होती. ताटली घेऊन आली, मी वाढलं. सगळ्यांच्या मधोमध मांडी घालून बसली अन सगळं खाल्लं, मटकीसकट. परत आली. "आणखी वाढ." ते पण खाल्लं. परत आली. आता तिच्या कपाळावर घाम होता, अन शेवटचे घास तिनं मान ताणून गिळलेले मी बघितले होते.

मी हळूच म्हणलं, "बास कर माय. पोट दुखंल."

तिनं ताटली खाली घेतली नाही. टाचा वर करून पातेल्यात बघितलं. ते भरलेलंच होतं.

"एवढी उरली तर ते तुला परत काढतेल," ती म्हणाली. "तू वाढ."