पूजेच्या चाकाची हवा

आमच्या कोळ्यांत बाईला अक्कल नाही असं म्हणायची कुणाची छाती नाही. मासळी विकायची बाईनं, भाव ठरवायचा बाईनं, गिऱ्हाइकाचं तोंड बंद करायचं तेही बाईनंच. पण होडीची गोष्ट निघाली की लगेच, "तू बाजूला हो गो!" इतकी वर्षं झाली, तरी हे वाक्य आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

लग्न होऊन मी खारदांड्याहून मुलुंडला गेले. नवऱ्याचं पंक्चरचं दुकान. तो जेवायला गेला की दुकान मी बघायची, आणि बघता बघता पाना माझ्याच हातात आला. कुठल्या गाडीला किती पौंड हवा लागते, हे मला आमटीतल्या मिठासारखं अंदाजानं कळायचं.

माहेरी माझ्या दादाची एक लहान होडी होती, दोघांनी चालवायची. तिच्या तळाच्या फळ्या कुजल्या आणि ती दोन वर्षं पडून राहिली. ती दोन वर्षं दादा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून राबला. मालक त्याच्याहून वयानं लहान, तरी चारचौघांत त्याच्यावर खेकसायचा. शेवटी त्या पावसाळ्यात वेसाव्याच्या एका सुतारानं होडीला नव्या फळ्या बसवून दिल्या. नारळी पौर्णिमेला आपली होडी आपल्या खारदांड्याच्या किनाऱ्यावरून पाण्यात घालायची आणि पुन्हा कुणाच्या दारात उभं राहायचं नाही, एवढंच दादाच्या डोक्यात होतं.

पावसाळ्यात समुद्र बंद, म्हणून होडी रस्त्यानं आणायची ठरली. जुन्या जीपचा आस आणि दोन चाकं घेऊन दादानं एक ट्रेलर बनवून घेतला. तो टेम्पोच्या मागे जोडला, पण चाकांत हवा किती भरायची याचा कुणालाच पत्ता नाही. टेम्पोवाला म्हणे, ट्रकसारखी टणक भरा. अरे, ट्रकमध्ये विटा असतात, इथे काय आहे? एवढी भरली तर ट्रेलर खड्ड्याखड्ड्याला उडणार आणि होडीचे सांधे ढिले होणार. फार कमी भरली तर टायर तापून फाटणार. मी दोन्ही चाकांत मोजून अठ्ठावीस पौंड भरली. होडी वेसाव्याहून दांड्यापर्यंत पाळण्यात घालून आणल्यासारखी आली. तेव्हा मला कुणी बाजूला हो म्हणालं नाही. रस्त्यावर बाईनं भरलेली हवा चालते म्हणे!

पौर्णिमेला होडीची पूजा झाली. आमच्या थोरल्या काकांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी ट्रेलरच्या चाकांनाही हळदकुंकू लावलं, हार घातले, पुढ्यात नारळ फोडला. बरं, फोडा. मी दादाला म्हटलं, "आता दोन्ही चाकं बारा पौंडांवर आणू या. वाळूत टायर पसरायला हवा. असा टणक राहिला तर रुतणार." आणि हवा सोडायला मी चाकाशी वाकले.

काका ओरडलेच. "पूजेच्या चाकाची हवा काढतेस? आजच्या दिवशी भरलेलं रितं करतेस?"

"काका, हवा आहे ती. तांदूळ नाहीत."

"चाकाची पूजा झाली, आता ते होडीचंच अंग. तू बाजूला हो गो!"

मी दादाकडे बघितलं. तो म्हणाला, "जाऊ दे ना. काका म्हणतात ते ऐक. आम्ही दहा जण आहोत, ढकलू." म्हणजे कालपर्यंत माझं असलेलं चाक कुंकवाचं बोट लागताच पुरुषांचं झालं! मी चाकापासून उठले आणि बाजूला झाले. का झाले, देव जाणे.

ट्रेलर दहा पावलं गेला नसेल, तोच डावं चाक ओल्या वाळूत आसापर्यंत बसलं. मी ओरडले, "थांबा, हवा सोडा!" काका त्याहून मोठ्यानं ओरडले, "जोर लावा रे!" लावला जोर. ट्रेलर कलंडला, होडी दोरातून सुटली आणि शेजारच्या खडकावर आपटली. कडकन आवाज झाला. नव्या फळ्यांतल्या तीन फुटल्या. कुणीतरी हळूच म्हणालं, "वाट लागली."

भरती चढत होती, होडी वर तर आणायलाच हवी होती. सगळ्यांनी ती उचलून पुन्हा ट्रेलरवर ठेवली. मग काका स्वतः वाकले आणि त्यांनी त्याच कुंकवाच्या दोन्ही चाकांच्या व्हॉल्व्हमध्ये खिळा दाबला. फुस्स करून हवा निघाली. "आता काय राहिलंय," म्हणाले, "आता चालतं."

आता चालतं! होडी धड होती तेव्हा हवा सोडणं पाप, आणि ती फुटली की चालतं! माझ्या ओठांवर शिव्या आल्या होत्या. शेजारी उभ्या आईकडे बघून मी त्या गिळल्या.

त्या मऊ चाकांवर फुटकी होडी चौघांनी ओढली. ज्या वाळूत दहा जण हरले, त्याच वाळूवरून ट्रेलर मुकाट वर आला. दादा बाजूनं चालत होता, नजर चाकांवर.

"एवढंच करायचं होतं?" त्यानं मला विचारलं.

"हो."

दुसऱ्या दिवशी दांड्यावरच्या बोटी समुद्रात निघाल्या. दादा पहाटेच उठून त्या खेकसणाऱ्या मालकाकडे गेला, खलाशाची जागा अजून रिकामी आहे का विचारायला.