एकसष्टाव्या पानावरचा परिच्छेद

भूगोलाच्या सरांना सगळं कॉलेज पाठीमागे 'हातोडा' म्हणायचं, कारण त्यांचा हात लगेच सुटायचा. त्यांचे वडील दगडाच्या खाणीत कामाला होते; चूक झाली की हाताला लागेल त्या वस्तूने पोराला बडवून काढायचे. त्या मारामुळेच आपण शिकलो आणि खाणीतून सुटलो, असं सर मनापासून मानत. घरी बायको त्यांच्याशी बोलायची ती सुद्धा मध्ये टेबल ठेवून.

शिकवायचे मात्र जीव ओतून. बावीस वर्षं एकाच जाड वहीतून नोट्स सांगत आले होते आणि त्या वहीचा त्यांना भारी अभिमान होता.

त्या वर्षी शेवटच्या वर्गाचे प्रकल्प तपासताना ते एका पानावर थांबले. 'नदी काठावर समोरून चाल करत नाही. ती आधी पायथ्याची माती नेते, आणि मग काठ स्वतःच्याच वजनाने कोसळतो.' पुढचा सगळा परिच्छेद शब्दाला शब्द त्यांच्या वहीतला. खाली कुणाचं नाव नाही, अवतरणचिन्ह नाही. प्रकल्प चष्मेवालीचा होता, मागच्या बाकावर गुपचूप बसणाऱ्या मुलीचा.

सरांनी तिला भर वर्गात उभं केलं. "हे कुठून उचललंस?"

"ग्रंथालयातल्या पुस्तकातून, सर."

"माझीच चोरी, आणि वर माझ्याच तोंडावर खोटं बोलतेस?"

थोबाडीत बसली तेव्हा चष्मा उडून भिंतीवर फुटला. पोरगी बाकाच्या कोपऱ्यावर आदळली, भुवई फाटली, आणि कानातून रक्ताची बारीक धार मानेवर उतरली.

"ऊठ," सर म्हणाले.

ती उठली नाही. कानाचा पडदा फाटल्याचं डॉक्टरांनी संध्याकाळी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा भाऊ आला. त्याचं पंक्चर काढायचं दुकान होतं. टायर उचकटायची लोखंडी पट्टी घेऊन तो शिक्षकांच्या खोलीत शिरला आणि शांतपणे म्हणाला, "भूगोल कोण शिकवतं?"

सर उभे राहिले. पहिला घाव त्यांनी हातावर झेलला. मनगट मोडल्याचा आवाज खोलीतल्या सगळ्यांनी ऐकला. दुसरा बरगड्यांवर बसला. सर खाली पडले तरी तो थांबेना. "तिचा कान परत दे," एवढंच तो दर घावाला म्हणत होता. दोन शिपायांनी मिळून त्याला ओढून काढलं. पोलीस त्याला घेऊन गेले, सरांना दवाखान्यात हलवलं.

महिन्याभराने चौकशी झाली. सर प्लास्टरमधला हात सावरत बसले होते. समोर कानाला पट्टी बांधलेली चष्मेवाली. प्राचार्यबाईंनी टेबलावर तीन गोष्टी मांडल्या: प्रकल्प, सरांची वही आणि कडा झिजलेलं एक जुनं पुस्तक, एकसष्टाव्या पानावर उघडलेलं.

"वाचा, सर," बाई म्हणाल्या.

सरांनी वाचलं. नदी, काठ, पायथ्याची माती. नोकरी लागली त्या वर्षी घाईघाईत त्यांनी या पुस्तकातून पानंच्या पानं उतरवून घेतली होती. पुस्तकाचं नाव, पान क्रमांक, काहीच टिपलं नव्हतं. दोन-चार वर्षांत आपलं कुठलं आणि दुसऱ्याचं कुठलं, ते त्यांचं त्यांनाच उमगेनासं झालं.

"मी उतरवलं, ते चुकलंच," मुलगी म्हणाली. "पण खाली नाव लिहायचं असतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. सरांच्या नोट्समध्येही कधी कुणाचं नाव नसायचं."

सर वर्षभर निलंबित झाले. कोर्टात त्यांनी मुलीला मारल्याचा गुन्हा कबूल केला. भावाला शिक्षा झाली. चष्मेवालीने दुसऱ्या बाईंकडे प्रकल्प नव्याने लिहिला आणि पास झाली. त्या कानाने तिला पुढे कायम कमीच ऐकू आलं. सर एकदा माफी मागायला तिच्या घरी गेले होते. आईने दार उघडलं, त्यांना ओळखलं आणि त्यांच्या तोंडावर लावून घेतलं.

कामावर परतले तेव्हा त्यांनी पहिल्याच तासाला वही आणि पुस्तक शेजारी ठेवून वर्गाला दाखवलं. "ही चोरी माझी आहे," म्हणाले. मग फळ्यावर एक परिच्छेद लिहून त्यावरून समजावलं: दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे कसे अवतरणात घालायचे, कल्पना दुसऱ्याची असली तरी नाव का द्यायचं, चार शब्द फिरवले म्हणून मजकूर आपला का होत नाही.

राग काही गेला नव्हता. पुढच्याच सत्रात एका विद्यार्थ्याने पुस्तकातलं आख्खं प्रकरण उतरवून दिलं. सरांची मूठ आवळली, कपाळाची शीर ताठ झाली. ते खोलीबाहेर गेले आणि व्हरांड्याच्या भिंतीवर त्यांनी इतक्या जोराने ठोसे घातले की बोटांची सालटी निघाली. परत येऊन खुर्चीत बसले. विद्यार्थी दाराकडे सरकत होता.

"बस," सर म्हणाले. "हातातलं पुस्तक मीट. काय वाचलंस ते मला तोंडी सांग."

तो अडखळत सांगू लागला.

"आता हेच लिही. खाली पुस्तकाचं नाव आणि पान."

त्याने लिहिलेलं वाक्य लंगडं होतं, क्रियापदही चुकलं होतं. सरांनी क्रियापद दुरुस्त केलं आणि बाकीचं तसंच राहू दिलं.